मिनिटाला साठ

पोस्टरवर सनीचं नाव भोपळ्याएवढं आणि माझं मोहरीएवढं होतं. अर्जुनरावांनी ते शेडच्या दाराला चिकटवलं, दोन पावलं मागं सरकून पाहिलं आणि मान हलवली.

"ताई, तुमचं नाव बारीक झालं की वो. चष्मा लावाया लागतोय."

"रेसिडेंटचं असंच असतं, अण्णा."

"रेशिडेंट म्हंजी?"

"दर वेळी असते ती. घरची. आणि हा गेस्ट, म्हणजे पाहुणा."

"मंग बराबर हाय," अण्णा हसत म्हणाले. "आमच्यात बी पाव्हणा आला की घरची बाई चुलीपुढंच असती."

मीही हसले. पण खरं सांगायचं तर ते लागलंच मला.

अर्जुनराव कुरुळीचे जुने शेतकरी. जमिनीवर त्यांनी चार शेड बांधल्या, तीन कंपन्यांना भाड्यानं दिल्या, आणि चौथीत महिन्यातून एकदा आमची टेक्नो नाइट होते. नाइट म्हणायचं आपलं. ती असते गुरुवारी दुपारी चार ते रात्री दहा. आमच्याकडच्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळे आधी कामगार पोरं येतात, आणि सहानंतर हिंजवडीची आयटीवाली, ट्रॅफिकला शिव्या देत. दहाच्या ठोक्याला अण्णा स्वतः मेन स्विच खाली ओढतात. गाणं अर्ध्यात असलं तरी ओढतात. आमच्या संगीताला ते "तुमचं ठकाठकी" म्हणतात, पण सहा वर्षांत एकदाही ते कार्यक्रम सोडून घरी गेलेले नाहीत.

बाकीचे दिवस मी तळवड्याच्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला असते. पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, बरोबर असेल तर पुढं सारायचा, नसेल तर लाल ठिपका लावून बाजूला टाकायचा. आठ तास तेच. त्यामुळे माझी नजर वाईट झाली आहे असं आमची आई म्हणते. मी माणसंसुद्धा मोजते म्हणे.

सनीला मात्र मी कधी मोजलं नाही.

आम्ही कुरुळीत बारा खोल्यांच्या एकाच चाळीत वाढलो. त्याचे वडील भीमराजकाका, लातूरकडून आलेले, गावातल्याच एका लहान वर्कशॉपमध्ये पावर प्रेसवर, म्हणजे ठोक्यानं पत्रा कापणाऱ्या मशीनवर होते. सनीनं भंगारातून स्पीकर आणून गच्चीवर जोडला तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि वायर धरायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्यानं मला हाक मारली. तिथून सुरू झालं. पुढं या शेडमध्ये आम्ही दोघं मिळून वाजवायला लागलो, एकाच टेबलावर, कोपराला कोपर लावून. तीन वर्षं पोस्टरवर आमची नावं एकाच मापाची असायची.

मग तो साउंडच्या कोर्ससाठी जर्मनीला गेला. "सहा महिन्यांत तुला बोलावतो," म्हणाला. आधी रोज फोन यायचा, मग रविवारी, मग माझ्या फोटोंवर नुसती बदामं. असं करत तीन वर्षं गेली. आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान कोणत्या दिवशी संपलं ते तरी कळलं असतं. संपलं आहे की नाही हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. घरचे विचारायचे, आणि मी म्हणायचे, येणार आहे तो. वेड्यासारखी म्हणायचे.

आता तो येत होता. पाहुणा म्हणून, बर्लिनचा डीजे म्हणून, आणि त्याच्या आधी नाचाचं फ्लोअर तापवायचं काम माझ्याकडे होतं.

या कामाचे नियम आहेत. रेसिडेंटनं पाहुण्याच्या आधी फार जोरात जायचं नाही. लोकांचे पाय हलले पाहिजेत, पण दम राखून. वेग मिनिटाला एकशेवीस ठोक्यांच्या वर न्यायचा नाही, कारण वरची जागा पाहुण्याची. आणि शेवटी एक लांब ट्रॅक चालू ठेवून बाजूला व्हायचं. पाहुणा भला असेल तर त्या ट्रॅकमधूनच आपला पहिला ट्रॅक हळूहळू बाहेर काढतो. आगाऊ असेल तर तुमचा बंद करतो, दोन सेकंद शांतता, आणि मग स्वतःचा. हे मी चार वेळा सोसलं आहे. लोक टाळ्या वाजवतात आणि तुम्ही वायरी गुंडाळता.

माझा शेवटचा ट्रॅक ठरलेला होता. तो तीन वर्षांपूर्वीच ठरला होता.

भीमराजकाका रिटायर व्हायच्या आठवड्यात आम्ही दोघं त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. सनीनं फोन प्रेसजवळ धरला, मी त्याचा हात हलू नये म्हणून कोपर धरलं. काका वॉशर काढत होते. मिनिटाला साठ ठोके. "घड्याळ मागं पडंल, ही पडायची नाही," असं काका प्रेसला थोपटून म्हणायचे, घरच्या म्हशीला थोपटावं तसं. तिला एक खोड होती. दर चौथ्या ठोक्याला तिची जाळी सैल व्हायची आणि किर्र-टक असा आवाज यायचा. कितीदा आवळली तरी तेच. तो आवाज घेऊन आम्ही ट्रॅक केला. दोन ठोक्यांच्या मध्ये आमचा एक ठोका घातला, म्हणजे साठचे एकशेवीस झाले. पण एकशेवीस म्हणजे टेक्नोला बैलगाडी, म्हणून सगळा ट्रॅक खेचून एकशेबत्तीसवर नेला. तसाच तो पक्का केला.

काकांना तो ऐकवायचा राहून गेला. रिटायर झाल्यावर सात महिन्यांत ते गेले, सनी निघायच्या थोडं आधी.

जर्मनीला निघताना सनी म्हणाला होता, "आमू, हा कुणाला द्यायचा नाही. कुठं लावायचाही नाही. मी परत येईन ना, तेव्हा तू शेवटचा हाच लाव. मी यातूनच पुढं निघेन." त्याचे शब्द आहेत हे. माझ्या मनचं एक अक्षर घातलेलं नाही. आम्ही त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं.

म्हणून मी मनाशी ठरवलं होतं. काही विचारायचं नाही, तक्रार करायची नाही. ट्रॅक लावायचा आणि त्याचं तोंड बघायचं. त्यानं ओळखला, तर आमचं अजून काहीतरी आहे. मग सहा महिने काय आणि सहा वर्षं काय, थांबेन मी. आणि नाही ओळखला तर? याचा विचार मी केलाच नव्हता. स्वतःचाच ट्रॅक कोण विसरतं?

गुरुवारी तीनला मी चतुरामावशींना घ्यायला गेले. चतुराबाई म्हणजे सनीची आई. सनीनं त्यांना शुक्रवारी सकाळी येतो असं कळवलं होतं, कारण हॉटेल हिंजवडीला होतं आणि कार्यक्रम संपल्यावर तो थेट तिकडेच जाणार होता. तीन वर्षांनी आलेला मुलगा दोन किलोमीटरवर वाजवणार आणि आईनं सकाळची वाट बघायची, हे मला पटेना.

"जय भीम, मावशी. चला."

"जय भीम, बाई. म्या तिथं येऊन काय करू? म्हातारीला हसतील की."

पण ठेवणीतली साडी त्या आधीच नेसून बसल्या होत्या. हातात स्टीलचा डबा. दारावरच्या बाउन्सरनं तो उघडायला लावला. आत धपाटे.

"आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"बाहेरचं कुठं हाय रं बाबा? घरचं हाय," मावशी म्हणाल्या. बिचाऱ्यानं झाकण लावून डबा परत दिला.

अण्णांनी फ्लोअरच्या पलीकडे, स्पीकरशेजारी खुर्ची टाकली आणि कापसाचे दोन बोळे आणून दिले. "वयनी, कानात घाला. न्हाईतर उद्या कायबी ऐकू यायचं न्हाई." मावशींनी कापूस घातला, डबा मांडीवर घेतला आणि पोरांचे नाच बघत बसल्या. एका पोराच्या केसांचा हिरवा रंग बघून त्यांनी मला खूण केली, हे असं का? मी खांदे उडवले.

मी त्या दिवशी चांगलं वाजवलं. हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. चारला शेडमध्ये वीस माणसं होती, सहाला दोनशे. एकदाही घाई केली नाही. एकशेसोळा, एकशेअठरा, एकशेवीस, आणि तिथंच थांबले. रसरसलेला निखारा राखेखाली ठेवतात तसं फ्लोअर ठेवलं, त्याच्यासाठी.

विमानतळाहून येताना तो भोसरीला अडकला, मग मोशीला. पावणेसातला दारातून आत आला. दाढी वाढलेली, अंगात काळा शर्ट, आणि हसणं अगदी तेच. आधी आईकडे गेला. तिला तिथं बघून गडबडला, वाकून पाया पडला. मावशींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. मग तो टेबलामागं आला आणि त्यानं मला मिठी मारली. घट्ट मारली. मी खोटं कशाला बोलू? त्या मिठीत मला सगळं परत मिळाल्यासारखं वाटलं.

"आमू! फ्लोअर काय ठेवलंयस गं! तुझ्यासारखं तिकडे कोणी ठेवत नाही."

त्यानं आपला पेनड्राइव्ह लावला, हेडफोन एका कानावर चढवला. मी आमचा ट्रॅक लावला. हात सवयीनं वेगाच्या पट्टीवर गेला आणि मी एकशेबत्तीसचा ट्रॅक ओढून एकशेवीसवर आणला. विचारसुद्धा केला नाही. पाहुण्याआधी वर जायचं नाही, हे हाताला इतकं पाठ झालं आहे.

पहिला ठोका पडला. दुसरा. तिसरा. चौथ्याला किर्र-टक.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो स्क्रीनकडे बघत होता. मान हलत होती, बरोबर तालात. परत किर्र-टक. त्याच्या भुवया जरा वर गेल्या. आता, म्हटलं. आता वळेल. तो वळला नाही. त्यानं आपला पहिला ट्रॅक खालून आणला, इतक्या सावकाश, इतक्या अदबीनं, की कुठं माझा संपला आणि कुठं त्याचा सुरू झाला ते फ्लोअरवर कोणालाही कळलं नसेल. चार मिनिटं घेतली त्यानं. अक्षरशः दिलेला शब्द पाळला, त्यातूनच पुढं निघाला. लोकांनी हात वर केले.

मग त्यानं हेडफोन मानेवर उतरवला, माझ्या कानाशी वाकला आणि विचारलं, "खतरनाक आहे हा. कुणाचा गं?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. पूर्वी करायचा तशी. मी वाट बघितली. तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

"इथल्याच दोघांचा आहे," मी म्हटलं. "आता वाजवत नाहीत ते."

"पाठव ना मला. तिकडे जाम चालेल."

मी मान डोलावली. त्याच वेळी का नाही सांगितलं, असं कोणी विचारेल. सांगितलं असतं तर त्यानं कपाळावर हात मारला असता, सॉरी आमू, सॉरी, म्हणत परत मिठी मारली असती, आणि ती मिठी मला सहन झाली नसती. मी माझे हेडफोन काढले, वायर गुंडाळली आणि स्टेजवरून खाली उतरले. दोनशे माणसं उड्या मारत होती आणि मी त्यांच्यातून वाट काढत होते, सॉरी, जरा सरका, सॉरी, असं म्हणत.

चालता चालता मी त्याची वकिली केली. म्हटलं, चूक माझीच आहे. त्यानं तो ट्रॅक एकशेबत्तीसवर शेकडो वेळा ऐकला असेल, मी सावकाश केला, सावकाश केल्यावर ट्रॅकची चाल बदलते, कोणीही चुकेल. प्रवासाचा थकवा आहे. मोठा आवाज आहे. मी पार्टला लाल ठिपका लावायच्या आधी तीनदा मोजते, तशी मी त्याला मोजत होते, आणि दर वेळी माप बरोबर यावं म्हणून स्वतःच पट्टी सरकवत होते.

मावशींच्या खुर्चीजवळ पोचले तर त्यांनी माझं मनगट धरलं. कानातला एक बोळा त्यांनी काढून मुठीत धरला होता.

"आमू, आत्ता ते वाजलं ते... ते यांचं मशीन हाय ना गं?"

मी त्यांच्या खुर्चीशी वाकले.

"यांचंच हाय. चार ठोके पडले की ती मेली किर्र करायची. म्या डबा घेऊन जायचे, तर आत जाऊ देत नव्हते. खिडकीखाली बसायचे भिंतीला टेकून. अठरा वर्षं बसले. कापसातनं ऐकलं ना, तर डिट्टो तसंच आलं बघ, भिंतीआडनं यायचं तसं. तेवढंच सावकाश."

तेवढंच सावकाश. मी एकशेवीसवर आणलं आणि मशीन आपल्या मूळ वेगावर आलं होतं, मिनिटाला साठ. आमचा ट्रॅक ओळखू न येण्यासारखा झाला असेल, पण काकांचं मशीन होतं तसं परत आलं होतं. आणि शाळा सुटल्यावर सनीसुद्धा त्याच खिडकीखाली बसायचा, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. ट्रॅक नाही ओळखला, समजू शकते. माझं मी बघून घेईन. पण बाप?

"सनीनं वळखलं का गं?" मावशींनी विचारलं.

त्यांचे डोळे भरून आले होते. मांडीवर डबा, मुठीत कापूस. वर टेबलामागं त्यांचा मुलगा हात उंचावून दोनशे माणसांना नाचवत होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "लगेच."

"लगेच?"

"पहिल्याच किर्रला. डोळ्यात पाणी आलं त्याच्या."

मावशींनी माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "माय गं," त्या म्हणाल्या, "मला वाटलं पोरगं विसरलं सगळं. लोक बी म्हणायलेत, आता कशाचा येतोय. तूच लावलंस ना त्याच्यासाठी? आन् त्यानं वळखलं. मंग तुला न्यायलाच आलाय त्यो. म्या सांगते तुला, लिहून ठेव."

त्यांनी डबा उघडला, धपाट्याचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडात घातला. "गोड काही न्हाई करून आणलं. हेच खा आता." मी खाल्ला. स्पीकरपासून चार हातांवर उभी राहून, रडत रडत, तिळाचा घट्ट धपाटा चावत राहिले. मावशींना वाटलं आनंदाचं रडू आहे. त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले.

दहाच्या ठोक्याला अण्णांनी स्विच ओढला. सनीचा शेवटचा ट्रॅक अर्ध्यात तुटला, पोरांनी ओरडा केला, आणि शेड एकदम एवढी गप्प झाली की छताच्या पत्र्याचा आवाज ऐकू आला. सनी खाली आला, आईला जवळ घेतलं, "सकाळी आठला येतो, दुपारी गोव्याचं विमान आहे," म्हणाला. मला म्हणाला, "आमू, तो ट्रॅक विसरू नको हं." मावशी आमच्या दोघांकडे बघून गालात हसत होत्या. मग गाडी आली आणि तो हिंजवडीला गेला.

मी मावशींना घरी सोडलं. परत येताना माझ्या लक्षात आलं की माझं खोटं एका रात्रीचंच आहे. सकाळी तो जेवायला बसेल, आई त्याच्या ताटात वाढेल आणि त्याची पाठ थोपटेल. बापाचं मशीन पहिल्या ठोक्याला वळखलंस, लेकरा. आणि मग त्याला कळेल.

शुक्रवारी मी पहिल्या शिफ्टला होते. सव्वानऊला अॅप्रनच्या खिशात फोन थरथरला. सनी. मी हातातला पार्ट मोजला, पुढं सारला. परत थरथरला. तीन वर्षं मी या नावाची वाट बघितली होती. रात्री बाथरूमला जाताना फोन सोबत नेला होता, चुकून आलाच तर म्हणून. अर्ध्या तासात सात वेळा आला. मग मेसेज.

"आमू, आई काय म्हणतेय? पप्पांचं मशीन? तो आपला ट्रॅक होता? मी ओळखलं असं तू का सांगितलंस? आता ओळखला गं मी, खरंच. फोन उचल."

मी तो मेसेज दोनदा वाचला. मला त्याचा राग आला नव्हता. त्याच्या आईसमोर ताटावर बसून त्याला काय झालं असेल ते मला दिसत होतं, आणि वाईटही वाटत होतं. फोन पुन्हा थरथरायला लागला. मी तो बंद केला आणि पुढचा पार्ट उचलला.

सांगितल्यावर काय, कोणीही ओळखतं. मला न सांगता ओळखलेलं हवं होतं.